म्हातारपणचा पैसा आणि आपण बायका



दरवर्षी वर्धापनदिनी कोणी लोणच्यामुरंब्यावर बोलते, कोणी मुलांच्या संगोपनावर. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा घरखर्चाच्या वहीत जे दिसते तेवढेच मी बोलणार.

आमच्या सासरी तिघे भाऊ. थोरले 2003 साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. त्यांना जुने निवृत्तिवेतन मिळेल, म्हणजे शेवटच्या मूळ पगाराचा निम्मा आणि वर महागाईभत्ता. धाकटे दीरही मास्तरच. पण नेमणूक 2006 ची. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागणाऱ्यांना राज्य सरकारने ते निवृत्तिवेतन बंद केले. पगारातून 10 टक्के कापतात, सरकार 14 टक्के घालते आणि तो पैसा बाजाराच्या चढउतारावर. यावरूनच मार्च 2023 मध्ये सात दिवस संप झाला, तो आपणांस आठवत असेल. पुढे ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रिमंडळाने एकीकृत योजना स्वीकारली. तीत 25 वर्षे नोकरी झाली तर निम्म्याची हमी आहे, आणि नवऱ्यामागे बायकोला त्याच्या 60 टक्के.

आमच्या घरचे मधले. वाळूजच्या कारखान्यात आहेत. त्यांची फंडाची 1995 ची योजना. पगार कितीही वाढो, बहुतेकांचा हिशेब 15,000 रुपयेच धरून होतो. तीस वर्षे घाम गाळला तरी महिना सात हजारांच्या आत, आणि महागाईभत्ता नाहीच. सप्टेंबर 2014 मध्ये कमीत कमी 1,000 रुपये ठरवले. विधवेला निम्मे. एक हजारात आज गॅसची टाकी भरून किती उरते, ते तुम्हीच सांगा!

आणि आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला यांतले काहीच नाही. पुरुषमंडळी म्हणतात, कर आम्ही भरतो. अहो, सप्टेंबर 2025 पर्यंत अंगाच्या साबणावर आणि केसांच्या तेलावर 18 टक्के कर होता, आता 5 आहे. तो तिनेही भरलाच की.

लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये जुलै 2024 पासून आले, फार बायकांचे भागले. पण ती योजना 65 वर्षांपर्यंतच, आणि घरचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालते. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना. 2023 मध्ये तिचेही 1,500 केले, पण उत्पन्नाची अट वर्षाला 21,000 चीच ठेवली. म्हणजे फंडाचे महिना 2,000 मिळणाऱ्या घरची म्हातारी त्यात बसत नाही, कारण वर्षाचे 24,000 होतात. चौसष्टाव्या वर्षी गरीब असलेली बाई सहासष्टाव्या वर्षी श्रीमंत कशी झाली, हे मला तरी उमगत नाही.

सरकारजवळ पैसा नाही, हेही खरे. 2025-26 च्या राज्याच्या अर्थसंकल्पात 45,891 कोटींची महसुली तूट दाखवली आहे. परंतु घरात ओढाताण झाली की आपण आधी सणाची साडी थांबवतो, सासूबाईंचे औषध थांबवत नाही.

म्हणून ही 21,000 ची अट वाढवावी, असा अर्ज मंडळातर्फे तहसीलदारांकडे द्यायचा आहे. कागद चिटणीसबाईंजवळ आहे. चहा होताच सह्या करू. आणि यजमानांच्या फंडाच्या कागदांवर आपले नाव व जन्मतारीख आधारकार्डाप्रमाणेच आहे ना, तेवढे आज रात्रीच पाहून घ्या.