गिऱ्हाईक, ग्राहक आणि सभासद
(राखोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहरातल्या जुन्या दुकानांच्या आठवणी हा आपल्या ललित लेखनाचा आवडता विषय. असे लेख बहुधा एकाच वळणाने जातात : काचेच्या बरणीतल्या गोळ्या, कोऱ्या कापडाचा वास आणि शेवटी ‘ते दिवस गेले’ हा उसासा. आज मी दुकानांविषयी बोलणार आहे, पण तिथे वापरल्या जाणाऱ्या तीन शब्दांच्या आधाराने. गिऱ्हाईक, ग्राहक आणि सभासद. दुकान बदलले की विकत घेणाऱ्याचे नाव बदलते आणि नावाबरोबर त्याची पतही बदलते, एवढेच मला सांगायचे आहे.

माझे बालपण मुंबईत, नायगावच्या चाळीत गेले. वडील गिरणीत साळखात्यात होते. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आम्ही गिऱ्हाईक होतो. तिथे आईला ‘वहिनी’ म्हणत आणि ती ‘शेठ, वहीत मांडून ठेवा’ म्हणे. आमचा पगार कधी होतो, पाहुणे कधी येतात, सारे त्या वहीला ठाऊक असे. या नात्यात ओलावा होता तसा संशयही होता. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग अशाच दुकानांच्या फळीवर घडला असणार. आणि ‘एखाद्याला गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याची टर उडवणे, हेही मराठीनेच नोंदवून ठेवले आहे. गिऱ्हाईक ओळखीचे असते, पण त्याचा हात नेहमी खाली असतो.

‘ग्राहक’ हा त्याच मुळाचा संस्कृत शब्द, पण तो वेगळ्या दुकानात वाढला. मुंबईच्या फोर्टात इंग्रजी अमदानीत मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स आली. हॉर्नबी रोडवरचे व्हाइटअवे लेडलॉ हे त्यांपैकी एक. रस्त्याचे नाव पुढे दादाभाई नौरोजी झाले आणि साहेबी कपड्यांच्या त्या इमारतीत खादी भांडार आले. इतिहासाने केलेली याहून नेमकी कोटी मला माहीत नाही. फ्लोरा फाउंटनजवळचे अकबरअलीज हे आमच्या लहानपणीचे मोठे स्टोअर. वडील दिवाळीच्या आधी एकदा आम्हांला तिकडे न्यायचे, घ्यायला कमी आणि बघायला जास्त. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी. घासाघीस नाही. विकणारा ‘साहेब’ म्हणायचा, ते ऐकून वडील अवघडून जायचे. इथे माप चोख होते, भाव सर्वांना सारखा होता, पण आम्हांला कोणी ओळखत नव्हते. ग्राहकाला मान असतो, नाव नसते.

तिसरा शब्द आमच्या अगदी दारातला. १९४८ साली नायगावातच कामगारांच्या सहकारी संस्थेतून ‘अपना बाजार’ उभा राहिला. या विचाराचे मूळ इंग्लंडातल्या रॉशडेल गावी. तिथे १८४४ साली २८ जणांनी, त्यांत काही विणकर, भांडवल जमवून स्वतःचे दुकान काढले होते. चोख माप, शुद्ध माल, रोखीचा व्यवहार आणि प्रत्येकाला एक मत, हे त्यांचे नियम. एका साळखात्याच्या कल्पनेने दुसऱ्या साळखात्याची वस्ती गाठली, असे मला नेहमी वाटते. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले, महागाई वाढली, तेव्हा केंद्र सरकारनेही सहकारी भांडारांना बळ दिले. दिल्लीचे सुपर बाजार त्याच वर्षीचे. डाळ, साबण, कापड, भांडी, सारे एका छपराखाली मिळणारे दुकान आता कामगाराच्याही आवाक्यात आले. आईच्या ट्रंकेत लग्नाच्या फोटोशेजारी भागाचा दाखला असे. तो दाखवून ती म्हणे, ‘आपण सभासद आहोत.’ वार्षिक सभेला ती एकदाच गेली. तुरडाळ जुनी का आली, एवढा एक प्रश्न विचारून आली, आणि तो प्रश्न चाळीत महिनाभर गाजला.

मात्र आठवणींनी एक गोष्ट झाकू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. आई रोखीने माल आणत असे आणि रोख संपली होती. त्या महिन्यांत आमची चूल कोपऱ्यावरच्या वाण्याच्या वहीवर पेटली. ती उधारी फेडायला पुढे कित्येक वर्षे लागली. सभासदाला मत होते, गिऱ्हाइकाला उधारी होती, आणि भुकेच्या वेळी उधारी कामी आली. सहकाराचे मोल याने कमी होत नाही. पण वाण्याला केवळ लुबाडणारा ठरवणारी आणि भांडाराला केवळ आदर्श ठरवणारी, अशा दोन्ही कथा अपुऱ्या आहेत, हे मी त्या वहीतून शिकलो.

हा विषय राखोलीत का, असे कोणी विचारील. १९५४ साली दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांकडून मुक्त करणाऱ्यांत संगीतकार सुधीर फडके होते, हे आपल्याला माहीत आहे. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही ते होते. शेजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची यादी एकत्र द्यावी, आलेला माल आपसांत वाटून घ्यावा, ही तिची पद्धत. दुकानाशिवायचे दुकान म्हणा हवे तर. पुढे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘ग्राहक’ या शब्दामागे न्यायालय उभे केले. हक्क वाढला, ही मोठी कमाई. पण त्याच काळात ‘सभासद’ हा शब्द बाजारातून हळूहळू ओसरत गेला. आज मोठी दुकाने ‘मेंबर’ करून घेतात. त्या कार्डावर गुण जमा होतात, सवलत मिळते. तुरडाळ जुनी का, हे विचारण्याची सभा मात्र भरत नाही.

आपल्या आसपासच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार आहेत. किराणा दुकानात वारली, गुजराती, हिंदी, मराठी एकमेकींत मिसळतात आणि पगाराच्या तारखेवर उधारीची वही आजही चालते. विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. या दुकानांत बसा. विकणारा घेणाऱ्याला काय म्हणतो, घेणारा त्याला काय म्हणतो, उधारी मागताना कोणता शब्द वापरतात आणि नाकारताना कोणता, हे लिहून काढा. बोलीचा अभ्यास म्हणजे केवळ लोकगीतांचा संग्रह नव्हे. माणसाची पत जिथे रोज ठरते, तिथली भाषा आधी टिपायला हवी. त्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे.