दुरुस्त करू की नवीन घेऊ?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला आपापल्या क्षेत्राविषयी दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. माझ्या आधी आपला हृदयरोगतज्ज्ञ बोलून गेला. माझं क्षेत्र म्हणजे सिडकोतलं दहा बाय बाराचं दुकान. १९८६ची दहावी, क तुकडी, शेवटून दुसरा बाक. मग सातपूरला आयटीआय, त्यानंतर अंबडला सात वर्षं नोकरी, आणि १९९५ पासून वॉशिंग मशीन. या तीस वर्षांत इथल्या निम्म्या लोकांनी मला फोनवर एकच प्रश्न विचारलाय: "अरे, दुरुस्त करू की नवीन घेऊ?" मी दर वेळी "बघून सांगतो" म्हणून वेळ मारून नेतो. आज सगळे एकदम तावडीत सापडला आहात, तर सांगून टाकतो.

पहिली गोष्ट एका मित्राची. नाव सांगत नाही, पण तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ताच हसायला लागलाय. गंगापूर रोडला बंगला. फ्रंट लोड मशीन, वय सहा वर्षं. पाणी आत राहिलं, दार उघडेना. तपासायला आलेल्या माणसाने "कार्ड गेलं, दुरुस्तीत पैसे घालू नका" असं सांगितलं. साहेबांनी ते भंगारवाल्याला आठशे रुपयांत दिलं. भंगारवाला ते थेट माझ्याकडे घेऊन आला, कारण त्याला माहीत होतं. फ्रंट लोडच्या खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं. त्याच्या आत पंपाची जाळी. जाळीत दोन रुपयांचं नाणं, एक साडीपिन आणि गोळा झालेला धाग्यांचा लगदा. पाणी बाहेर पडत नाही तोवर दार उघडत नाही, ती मशीनची सुरक्षा आहे, बिघाड नव्हे. वीस मिनिटांचं काम. ते मशीन आजही पवननगरला एका नर्सताईंकडे चालतंय. दोन रुपये माझ्याकडे आहेत, जेवणानंतर घेऊन जा.

हसायचं सोडा, पण माझ्याकडे "मेलं" म्हणून येणाऱ्या मशीनपैकी बरीच अशीच असतात. पाणी आत येण्याचा व्हॉल्व्ह, पाणी बाहेर टाकणारा पंप, बेल्ट, दाराचं लॉक, कंडेन्सर. टॉप लोडला खालून उंदीर शिरून वायर कुरतडतो, हाही एक मोठाच आजार आहे. यातलं काहीही गेलं तर मशीन दहा वर्षांचं असलं तरी दुरुस्त करा. विचारूसुद्धा नका.

मग लोक नवीन का घेतात? कारण मशीन स्वस्त झालं आणि माणूस महाग झाला. दुकान टाकलं तेव्हा साधं दोन टबांचं मशीन घ्यायला कारकुनाचे दोन-तीन पगार जायचे, आणि मी घरी येऊन बघण्याचे तीस रुपये घ्यायचो. आज पुष्कळांच्या घरी महिन्याच्या पगारात मशीन येतं, हप्त्यावर तर लगेच येतं, आणि मी नुसतं दार वाजवण्याचे साडेतीनशे घेतो. कमी घेऊन मला परवडत नाही. "पूर्वीची मशीन काय टिकायची!" असं सगळे म्हणतात. मी ती उघडलेली आहेत. दर वर्षा-दोन वर्षांनी काहीतरी जायचंच. फक्त टाकून द्यायची कुणाची ऐपत नव्हती, आणि चार स्क्रू काढले की सगळं हाताला लागायचं.

आता हाताला लागत नाही, हा खरा फरक. फ्रंट लोडमध्ये फिरणाऱ्या ड्रमभोवती प्लॅस्टिकचा मोठा टब असतो. त्याच्या पाठीत दोन बेअरिंग आणि एक रबरी सील. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं, आणि पिळताना मशीन ओझरच्या विमानासारखं गरजायला लागतं. बेअरिंग काही शे रुपयांची, बाजारात सहज मिळणारी वस्तू. पण बऱ्याच नव्या मशीनमध्ये टबाचे दोन भाग कारखान्यातच वितळवून जोडलेले असतात. उघडताच येत नाहीत. म्हणजे बेअरिंगसाठी अख्खा टब ड्रमसकट बदला. कार्डांचंही तेच, जेलीसारख्या रसायनात बुडवून बंद केलेली. यात निव्वळ लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. जोडलेला टब बनवायला सोपा, गळतोही कमी. ती जेली नसती तर आपल्या न्हाणीघरातल्या ओलीने, मुंग्यांनी, पालींनी कार्डं कधीच संपवली असती. पण जाहिरातीत "मोटरला दहा वर्षं वॉरंटी" वाचलं की मला हसू येतं. मोटर सहसा जातच नाही हो! टबाला किती वर्षं, ते विचारा.

आता जे सांगणार आहे ते बाईंची परवानगी घेऊन. आपल्या गणिताच्या बाई इथे पुढेच बसल्यात. चार वर्षांपूर्वी त्यांचं मशीन असंच गरजायला लागलं. वय आठ वर्षं, टब बंद जोडणीचा. नवा टब मजुरीसकट चौदा हजार. नवं मशीन तीसच्या आसपास. मी म्हणालो, "बाई, मी साडेचार हजारांत करतो." हॅकसॉने टब कापायचा, बेअरिंग आणि सील बदलायचं, मग भोकं पाडून स्क्रू आणि सीलंटने पुन्हा जोडायचा. आमच्या धंद्यात हे करतात. टब कापला, ड्रम बाहेर काढला, आणि मागे बघितलं. ड्रमला धरून ठेवणारा तीन पायांचा अॅल्युमिनियमचा तुकडा असतो, त्याला आम्ही स्पायडर म्हणतो. तो पांढरी भुकटी होऊन अर्धा खाल्ला गेला होता. तिथेच फोन करून "बाई, नाही होणार, नवीन घ्या" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. ज्यांनी दहावीला मला कसंबसं काठावर आणलं, त्यांच्यासमोर मला येतं हे दाखवायचं होतं. घासला, रंगवला, बसवला.

पाच महिन्यांनी रात्री एक पाय तुटला. ड्रमने टब फोडला, आणि खालच्या फ्लॅटच्या छतापर्यंत पाणी. मी साडेचार हजार परत घेऊन गेलो. बाईंनी शांतपणे सगळं विचारलं, मी स्पायडरचंही सांगितलं. त्यांनी अर्धे पैसे ठेवले आणि अर्धे मला परत दिले. म्हणाल्या, "उत्तर चुकलं. पण पायऱ्यांचे गुण द्यावे लागतात." खालच्यांच्या छताचा रंग मात्र मी काढून दिला.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. बंद टबाचं बेअरिंग गेलं असेल आणि मशीन सात-आठ वर्षांचं असेल, तर मी दुरुस्त करत नाही. कार्ड गेलं असेल तर आधी ते बाजारात मिळतंय का बघतो. मिळत असेल आणि एकूण खर्च नव्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी असेल, तर करा. बाकी सगळं दुरुस्त.

तो स्पायडर खाल्ला कशाने? आठवीत आपण दुष्फेन आणि सुफेन पाणी शिकलो होतो. तो धडा सगळ्यांनी पाठ केला आणि सगळे विसरलात. पाथर्डी फाट्याकडच्या नव्या सोसायट्यांत नळाचं पाणी पुरत नाही, बोअरचं मिसळतात. क्षाराच्या पाण्यात फेस होत नाही. मग वहिनी एकाच्या जागी दोन चमचे पावडर टाकतात, आणि तिचा चिकट थर ड्रममागे बसून तो धातू कुरतडत राहतो. हीटरवर पांढरी साल चढते ती वेगळीच. महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवा. साल जास्त असेल तर त्यात लिंबूसत्व टाका. पावडर कमी, आणि धुणं झाल्यावर दार उघडं. माझी आई गाडगे महाराज पुलाखाली गोदावरीवर धुणं धुवायची, तिला यातलं काही सांगावं लागलं नसतं. कपडे झाले की घाट धुऊन मगच उठायची.

दुरुस्तीचा हक्क म्हणून काही असतो, हेही ऐकून ठेवा. युरोपात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षं द्यावे लागतात. फ्रान्समध्ये त्याच वर्षापासून दुकानातल्या फ्रंट लोडवर दहापैकी दुरुस्तीचे गुण लिहावे लागले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टल काढलं. चांगली सुरुवात आहे. पण माझ्या दुकानात आलेल्या मशीनच्या पाठीवर अजून कुणी गुण लिहिलेले नाहीत. तेव्हा घेताना तुम्हीच विचारा: टब उघडतो का? उत्तर न देणाऱ्या दुकानातून उठा.

माझा मुलगा पुण्यात संगणकात आहे, दुकान तो चालवणार नाही. सुरगाण्याहून आलेला एक पोरगा माझ्याकडे शिकतोय. माझ्यापेक्षा त्याचा हात हलका आहे. त्याला बंद कार्डातली जेली ब्लेडने सोलून आतला एक रिले बदलता येतो, मला दिसतसुद्धा नाही. साठीनंतर दुकान त्याला द्यायचं ठरवलंय. तेव्हा फोन त्यालाही करत जा, आणि साडेतीनशे म्हटल्यावर घासाघीस करू नका.

आणखी एक. मुख्याध्यापकांना विचारून मी काल आपल्या जुन्या प्रयोगशाळेत दोन मशीन ठेवून आलोय. एक दोन टबांचं जुनं, एक बाईंचं ते फुटलेलं. नववीच्या मुलांना दर शनिवारी उघडून बघायला. प्लग कापून टाकलेत, काळजी नको. जुन्याचे स्क्रू मोजून सव्वीस आहेत, श्रीखंडाच्या डब्यात ठेवलेत. मुलं परत जोडतील तेव्हा त्यातले दोन-तीन उरतीलच. तेवढे मला आणून द्या.