रद्दीची फुले



२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली. तेव्हापासून मखराला काय लावायचं, हा प्रश्न दरवर्षी निघतो. उत्तर आपल्या माळ्यावरच आहे, रद्दीत!

वर्तमानपत्राचे सहा सारखे चौकोन एकावर एक ठेवा. पंख्यासारख्या घड्या घाला, मधोमध दोरा बांधा, टोकं गोल कापा. मग एकेक पदर हलक्या हाताने वर उचला. झाला झेंडू! वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहतं, म्हणून तो उन्हात पिवळा पडतो. पांढऱ्या फुलांसाठी जुन्या वह्यांची कोरी पानं घ्यावीत. चिकटवायला मैद्याची खळ पुरते.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला जमा-खर्च आधी दिसतो. फुलाला चमकी किंवा चिकटपट्टी लावली, की ते पुन्हा रद्दीत जमा होत नाही. ते कचऱ्याच्या खाती जातं. आणि आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर आपण कल्याण-डोंबिवलीकरांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

दुसरी जमा मला अधिक मोलाची वाटते. आपल्याकडे काही घरांत आता एकटेच आजी किंवा आजोबा आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. दिवसभर बेल वाजते ती कुरिअरवाल्याची. कात्री चालवायला मात्र त्यांचे हात अजून तयार आहेत, आणि घड्या शिकायला आपली नातवंडं.

तेव्हा गणपतीआधी सोसायटीच्या ऑफिसात जमूया. येताना रद्दी आणा. शेजारच्या आजींनाही आणा.