खेळाडूची परदेशी नोकरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



शेजारणीचा मुलगा नोकरीला परदेशी गेला असे कळले, की आपला पहिला प्रश्न असतो, "कोणत्या कंपनीत?" तिने जर सांगितले, "तो तिथे क्रिकेट खेळतो," तर आपण म्हणू, "ते झालं हो, पण नोकरी कसली?" आज मी या नोकरीविषयीच चार शब्द सांगणार आहे.

खेळावर पोट भरणे ही गोष्ट कोल्हापुराला काही नवी नाही. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, त्यांच्यासाठी खासबागेचे मैदान उभारले; ते १९१२ साली पुरे झाले. तालमीतला खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. हा खर्च गरिबाच्या घरचा नव्हे. कुस्ती निकाली झाली की खूष झालेले लोक पैलवानाच्या हातात बक्षिसाचे पैसे ठेवीत. परंतु हे सारे दात्याच्या मर्जीवर. १९४९ च्या मार्चमध्ये आपले संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि राजाश्रयाचे ते दिवस सरले.

त्याच वर्षी आपल्या शेजारच्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे इंग्लंडात पगारी खेळाडू म्हणून खेळत होते. हे कोणी साधे गृहस्थ नव्हेत. आदल्याच वर्षी, १९४८ च्या जानेवारीत, त्यांनी ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीत दोन शतके काढली होती. असा मनुष्य रॉटनस्टॉल नावाच्या गिरणगावात जातो कशाला? आपल्या इचलकरंजीसारखेच कापडाचे गाव ते. कारण उघड आहे. आपल्याकडे कसोटी खेळणाऱ्याला त्या काळी काहीशे रुपये मिळत, आणि तेही सामना असेल तेव्हा. तिथे हंगामाचा करार होत असे.

लँकेशायर लीग ही त्या गिरणगावांची स्पर्धा. १८९२ सालापासूनची. हजारे गेले तेव्हा तीत चौदा गावे होती, आणि प्रत्येक गावाने एकच पगारी खेळाडू ठेवावा असा दंडक होता. बाकीचे दहाजण गिरणीतले कामगार, कारकून, मास्तर. आता या एकट्याची अवस्था ध्यानात घ्या. फलंदाजी त्याने करायची, गोलंदाजी त्यानेच करायची, संध्याकाळी गावच्या पोरांना शिकवायचेही त्यानेच, आणि शनिवारी हरलो तर आठवडाभर गाव त्याच्याकडेच बोट दाखवणार! एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेला हे निराळे समजावून सांगायला नको.

एक रीत मात्र मला फार आवडते. खेळाडूने पन्नास धावा काढल्या किंवा पाच गडी बाद केले, की प्रेक्षकांतून पेटी फिरे. कामगार आपल्या मजुरीतली नाणी तीत टाकीत, आणि ते पैसे त्या खेळाडूचे. खासबागेतल्या बक्षिसाचीच ही जातभाई.

पण परदेशची नोकरी पत्करली की स्वदेशाशी नाते कसे राखायचे, हा पेच येतोच. विनू मंकड यांना रॉटनस्टॉलच्या शेजारच्या हॅस्लिंग्डनचे बोलावणे होते. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात मला घेणार असाल तर मी ते नाकारतो, एवढे त्यांनी आपल्या मंडळाला विचारले. मंडळाने शब्द दिला नाही. मंकडांनी करार केला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत आपले चार गडी शून्यावर बाद झाले, तेव्हा मंडळाला जाग आली आणि हॅस्लिंग्डनकडून मंकडांना मागून आणावे लागले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, शिवाय त्र्याहत्तर षटके टाकून पाच गडी बाद केले. त्या संघाचे कर्णधार होते आपले हजारे. माझे स्पष्ट मत असे, की पोटासाठी बाहेर गेलेल्याला घर विसरला म्हणणे सोपे असते. घराने त्याला काय विचारले, हे कोणी पाहत नाही.

सुभाष गुप्ते तर कायमचेच गेले. मुंबईचे हे लेगस्पिनर लँकेशायरमध्ये रिश्टनकडून खेळले. १९५८ साली कानपूरला त्यांनी वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ गडी १०२ धावांत बाद केले. पुढे १९६१-६२ च्या मोसमात दिल्लीच्या हॉटेलात त्यांच्या खोलीतल्या सोबत्याने तिथल्या एका नोकरदार मुलीला फोन केला, तिने तक्रार केली, आणि दोघांनाही वगळले. गुप्ते पुन्हा भारताकडून खेळले नाहीत. ३६ कसोटींत १४९ बळी, वय बत्तीस! त्यांची पत्नी कॅरोल त्रिनिदादची. आपल्याकडे मुलगी सासरी जाते; इथे जावईच सासरच्या देशी गेला, तिथेच संसार केला आणि २००२ साली पोर्ट ऑफ स्पेनला वारला. त्या मुलीची तक्रार रास्त होती, असेच मी म्हणेन. परंतु ज्याने फोन केला नाही त्याला शिक्षा का, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

आता आपल्या मुलींकडे येते. हजाऱ्यांच्या सांगलीतच वाढलेली स्मृती मानधना २०१६ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या संघाकडून खेळायला गेली. भारतीय मुलींना परदेशी लीगमध्ये खेळण्याची मुभा त्याच वर्षी मिळाली होती. २०१८ साली ती इंग्लंडात वेस्टर्न स्टॉर्म संघाकडून खेळली आणि अठरा चेंडूंत अर्धशतक काढून आली. पुढे २०२३ साली आपल्याच देशात महिलांची लीग सुरू झाली आणि तिला ३ कोटी ४० लाख रुपयांची बोली लागली. त्याच बंगळूर संघात ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी येऊन खेळली. म्हणजे आता गोऱ्या मुलीही खेळाच्या नोकरीसाठी इकडे येतात. नवलच आहे की नाही?

पण सर्वांना कोटी मिळत नाहीत. मैदानात रमणारी तुमची लेक परदेशच्या एखाद्या क्लबाचे पत्र घेऊन आली, तर नाही म्हणण्याआधी ते पत्र नीट वाचा. राहण्याची सोय कोणाची, परतीचे तिकीट कोण देणार, आणि पाय मुरगळून ती महिनाभर अंथरुणाला खिळली तर औषधपाणी व पगार यांचे काय, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. लिहिलेले नसेल तर तिलाच विचारायला लावा; आपण मध्ये पडू नये. आणि जाण्यापूर्वी तिला निदान पिठलं-भात करायला शिकवून ठेवा. मुलगा असला, तर त्यालाही.