मनोरुग्णाच्या हाडांकडेही पाहा



मी वैद्य नव्हे, वार्ताहर आहे. औषधयोजना सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु मनोरुग्णांच्या कुटुंबांशी बोलताना एक तक्रार वारंवार कानी आली, तीच आज आपणापुढे ठेवतो. छिन्नमनस्कतेचा, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा, रुग्ण ‘मांड्या दुखतात, जिना चढवत नाही’ असे सांगू लागला की घरचे म्हणतात, ‘आजाराचाच भाग असेल.’ कित्येकदा डॉक्टरही तसेच धरून चालतात. वास्तविक ती ड जीवनसत्त्वाच्या अभावाची खूण असू शकते. हाडे मऊ पडतात, स्नायू दुर्बळ होतात आणि एखाद्या साध्या घसरण्याने खुब्याचे हाड मोडते.

हे जीवनसत्त्व अन्नातून फारसे मिळत नाही. उन्हातील अतिनील-ब किरणांनी ते त्वचेत तयार होते. यकृत आणि मूत्रपिंड त्याला कार्यक्षम रूप देतात. रक्तात दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमहून कमी आढळल्यास सामान्यतः कमतरता मानतात. आपल्या या उन्हाच्या देशात धडधाकट माणसांतही ती सर्रास आढळते. मग ज्याने महिनोन्महिने खोलीबाहेर पाऊल टाकले नाही, त्याचे काय? त्यात औषधांची भर. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्याची त्वचा उन्हाने लवकर भाजते, म्हणून त्याला ऊन टाळावयास सांगतात. कार्बामाझेपिनमुळे या जीवनसत्त्वाचा शरीरातील ऱ्हास वाढतो. रिस्पेरिडोन प्रोलॅक्टिन वाढविते; ते दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास हाडांची घनता घटू शकते. (म्हणून कोणी परस्पर औषधे बंद करू नयेत, हे बजावून सांगतो.)

कोवळ्या उन्हाचे आपल्याला फार कौतुक. ते मन प्रसन्न करते खरे. पण त्यात अतिनील-ब किरण अत्यल्प असतात, आणि खिडकीची काच तर ते अडवितेच. उपयोगाचे ऊन मध्यान्हीच्या आगेमागे पडते. नेमके तेव्हा आपण रुग्णाला आत निजवितो!

या गोळीने मनही बरे होईल काय? डेन्मार्कमधील नवजात अर्भकांच्या जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून जॉन मॅकग्राथ व सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखविले, की सर्वांत कमी ड जीवनसत्त्व असलेल्या पंचमांश गटात पुढे छिन्नमनस्कतेचा धोका ४४ टक्के अधिक होता. आशा वाढली. परंतु २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील चाचणीत, नव्याने आजारी पडलेल्या १४९ रुग्णांपैकी काहींना सहा महिने दरमहा १,२०,००० युनिट देऊनही मानसिक लक्षणांत फरक दिसला नाही. तेव्हा याला मनोविकारावरील रामबाण म्हणून कोणी विकू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते. तहान, वांत्या आणि भ्रम सुरू होतो. तो भ्रमही पुन्हा मूळ आजाराच्याच खाती जमा व्हायचा!

मागणी शरीराची आहे. २९ मे २०१८ पासून अमलात असलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २१ सांगते, की सर्व आरोग्यसेवांत मनोरुग्णाला शारीरिक रुग्णाइतकाच समान मान हवा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांना तो लागू आहे, तसाच खासगी रुग्णालयांनाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा : याच्या रक्तातील ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम शेवटचे कधी तपासले? आणि उत्तर केसपेपरवर लिहून घ्या.