जाळण्यापूर्वी एकदा पाहा

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



लग्नसराई जवळ आली की माझ्या वसईच्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. मंगळसूत्राला अडकणारी मानेवरची चामखीळ, गालावरचे काळे मस, कपाळावरचा वाढलेला तीळ. सगळ्यांचे म्हणणे एकच, "डॉक्टर, दोन मिनिटांचं काम आहे, जाळून टाका." काम खरेच दोन मिनिटांचे असते. मला आज बोलायचे आहे ते त्याच्या आधीच्या एका मिनिटाबद्दल.

चामखीळ हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. मानेवर लोंबणारी मऊ गाठ, विषाणूमुळे बोटावर उठणारा खरखरीत कोंब, उतारवयात पाठीवर चिकटवल्यासारखी दिसणारी काळपट खपली, या सगळ्या आपल्या लेखी चामखिळीच. वैद्यकात ही तीन वेगळी घराणी आहेत. त्यांतली विषाणूची तेवढी पसरते. मानेवर मऊ गाठी पुष्कळ असल्या आणि मानही काळवंडलेली असली, तर मी आधी रक्तातली साखर तपासायला सांगतो.

हा फरक ओळखण्यासाठी आम्ही डर्मोस्कोप नावाचे हातात मावणारे भिंग वापरतो. ते साधारण दहापट मोठे दाखवते. पण त्याची खरी करामत मोठे दाखवण्यात नाही. वसईकरांना बावखल सांगायला नको. भर दुपारी काठावर उभे राहिलात तर पाण्यावरची चमक तेवढी दिसते. वाकून आपली सावली पाण्यावर पाडली, की तळातले शेवाळ आणि मासे दिसू लागतात. कातडीचेही तसेच आहे. तिच्या वरच्या थरावरून प्रकाश परत फिरतो आणि आपल्याला नुसता पृष्ठभाग दिसतो. सोनोग्राफीला लावतात तसा जेल लावून किंवा पोलराइज्ड प्रकाश वापरून ती चमक काढली, की एका मिलिमीटरच्या आतले जग उघडते. रंगावरून खोलीही कळते. तेच रंगद्रव्य वरच्या थरात काळे, जरा खाली तपकिरी आणि आणखी खोल गेले की निळसर राखाडी दिसते.

आत काय दिसते? म्हातारपणच्या त्या काळपट खपलीत, म्हणजे सेबोऱ्हिक केराटोसिसमध्ये, खसखशीसारखे पांढरे दाणे, काळी भरलेली छिद्रे आणि अक्रोडाच्या गरावर असतात तशा घळी दिसतात. गालांवर आणि डोळ्यांखाली येणारे बारीक काळे मस याच कुळातले. ते बहुधा आईकडून किंवा आजीकडून आलेले असतात. छातीवरचा लालभडक ठिपका भिंगाखाली डाळिंबाच्या दाण्यांचा पुंजका होतो. ते दाणे म्हणजे रक्ताने भरलेल्या पोकळ्या. पायावर मसुराएवढी टणक गाठ असली, तर मध्ये पांढरट वण आणि भोवती तपकिरी नाजूक जाळी दिसते. ती गाठ चिमटीत धरली की वर येण्याऐवजी आत खचते. विषाणूच्या कोंबात गोठलेल्या रक्ताचे काळे ठिपके असतात. हे सगळे निरुपद्रवी.

आम्ही पाहतो तेव्हा मनात दोनच प्रश्न असतात. हे रंगपेशींपासून झाले आहे का? झाले असेल, तर त्याची ठेवण शिस्तीची आहे की विस्कटलेली? साध्या तिळात जाळी किंवा ठिपके सारख्या अंतरावर, समतोल असतात. एक बाजू दुसरीसारखी नसेल, जाळी कुठे जाड तर कुठे तुटलेली असेल, मध्येच निळा-पांढरा डाग असेल, तर तुकडा काढून तपासणीला पाठवावाच लागतो.

अडचण अशी, की यावरची बरीच पुस्तके गोऱ्या कातडीवर बेतलेली. आपल्या सावळ्या रंगात रक्तवाहिन्या नीट दिसत नाहीत आणि तपकिरी रंग तर सगळीकडेच. म्हणून परळच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. उदय खोपकर यांनी २०१२मध्ये सावळ्या त्वचेच्या रोगांचा जो सचित्र संग्रह काढला, त्याचे मोल आमच्यासारख्यांना मोठे वाटते.

आता जरा अवघड गोष्ट. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एका बाईंच्या कानशिलावरचा काळा मस मी यंत्राने जाळला. भिंग नव्हते, तुकडाही तपासणीला पाठवला नाही. काही महिन्यांनी त्या सहज म्हणाल्या, "डॉक्टर, नेमकं काय होतं हो ते?" चामखीळच असणार, असे मी सांगितले. पण ते मला ठाऊक नव्हते, आणि आता कळण्याचा मार्गही नव्हता. जे होते ते मीच धुरात घालवले होते.

रंगपेशींचा कर्करोग, मेलॅनोमा, आपल्याकडे विरळा. मात्र होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे कुणी पाहत नाही. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग फुटबॉलची दुखापत समजला गेला होता. तो मेलॅनोमा निघाला. १९८१मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले.

जपानमध्येही हा रोग तळपायावरच जास्त. तिथल्या तोशिआकी सैदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खूण शोधली. शेतकऱ्याला ती एका वाक्यात समजते. तळपायाच्या कातडीवर सरी-वरंबे असतात. वरंब्यावर घामाची छिद्रे पांढऱ्या ठिपक्यांसारखी ओळीने दिसतात. काळा रंग सरीत असेल तर बहुतेक साधा तीळ. वरंब्यावर असेल तर सावध. अर्थात नव्या बुटाने साकळलेले रक्त, मेंदी, शिवाय आपल्या कातडीचा मूळचा रंग हेही वरंब्यावर दिसू शकतात. त्यामुळे भिंग निकाल देत नाही, पुढची तारीख देते.

आगाशीकडचे एक वाडीवाले काका टाचेवरचे काळे कुरूप घेऊन आले होते. वर्षभर चपलेखाली असलेल्या त्या डागावर घरच्यांनी बिब्ब्याचे तेल लावले होते. मराठीत 'बिब्बा घालणे' असे म्हणतात ते उगीच नाही. जखम एवढी चिघळली होती की मधले काहीच वाचता येईना. पण भाजलेल्या भागाच्या बाहेर, कडेला, बोटभर जागा शाबूत होती, आणि तिथे वरंब्यांवर तपकिरी पट्टे स्पष्ट होते. तुकडा तपासला, मेलॅनोमा निघाला. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, टाचेवर मांडीची कातडी बसवली. बिब्बा आणखी बोटभर पसरला असता तर मी त्यांना मलम देऊन घरी पाठवले असते.

काका अजून दर काही महिन्यांनी येतात. खुर्चीवर बसले की न सांगता दोन्ही चपला काढतात, पाय धुऊन आलोय म्हणतात, आणि सोबत आलेल्या नातवालाही बूट काढायला लावतात.