मोरीचं पाणी काय सांगतं?

श्रोतेहो, लघवीतून कॅन्सर ओळखता येतो अशी बातमी आली की आपण हरखून जातो. सुई नाही, चिरफाड नाही, बाटली भरून दिली की झालं. बातमी खोटी नसते. लघवी म्हणजे मोरीतून बाहेर येणारं पाणी. आत तांदूळ धुतले की हळदीचं भांडं विसळलं, हे त्यावरून कळतं. चुलीवरचा भात करपणार की नाही, हे मात्र कळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी पुन्हा सांगणार आहे.

जपानचंच पाहा. न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरच्या गाठी व्हीएमए आणि एचव्हीए ही द्रव्यं तयार करतात. ती लघवीत उतरतात. म्हणून १९८०च्या दशकाच्या मध्यापासून तिथे सहा महिन्यांच्या बाळांची देशभर तपासणी सुरू झाली. लंगोटात ठेवलेला टिपकागद भिजला की वाळवून टपालाने धाडायचा. गाठी भराभर सापडल्या, बाळं बरी झाली, सगळे खूश. पण कॅनडातल्या क्वेबेकमध्ये आणि जर्मनीत तपासलेल्या मुलांची न तपासलेल्यांशी तुलना झाली. २००२ साली निष्कर्ष छापून आले: रोगी वाढले, मृत्यू कमी झाले नाहीत. कारण तान्ह्या वयातल्या पुष्कळ गाठी आपोआप विरतात आणि जीवघेण्या गाठी बहुधा नंतर उद्भवतात. पाणी तपासलं तेव्हा तो भात चुलीवर चढलाच नव्हता! पुढे जपानने ही तपासणी थांबवली.

तुम्ही म्हणाल, लवकर कळलं तर बिघडलं काय? बिघडलं हे, की आपोआप विरणाऱ्या गाठींसाठीही काही तान्ह्या बाळांवर शस्त्रक्रिया झाल्या, केमोथेरपी झाली. मग ही चाचणी टाकाऊ का? मुळीच नाही. पोटात गाठ हाताला लागलेल्या मुलाची हीच चाचणी डॉक्टर आजही करतात, आणि करायलाच हवी. तिथे करपल्याचा वास आधीच आलेला असतो. मोरीचं पाणी दुजोरा देतं. धडधाकट माणसाच्या मोरीत डोकावणं वेगळं. म्हणून पुन्हा सांगतो, नवी चाचणी आली की किती जणांत कॅन्सर सापडला एवढंच विचारून थांबू नका. तपासलेल्यांत किती दगावले आणि न तपासलेल्यांत किती, ते विचारा. जाहिरातीत हा आकडा सहसा नसतो, आणि आपणही तो मागत नाही!

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीच्या पीसीए-३ या लघवीच्याच चाचणीबद्दलही बोलायचं होतं. अमेरिकेत २०१२ साली तिला मान्यता मिळाली ती एवढ्याचसाठी, की एकदा बायॉप्सीत काही न सापडलेल्या पुरुषाची पुन्हा बायॉप्सी करायची का, हे ठरवायला मदत व्हावी. ही मर्यादा फार मोलाची आहे, कारण... पण निवेदकांनी घड्याळाकडे बोट दाखवलंय.